भोकाचा पैसा : खानदेशातलं एक खेडं आणि दुसरं महायुद्ध

आमच्याकडे रेशन दुकानाला अजूनही जुनी माणसं 'कंट्रोल' म्हणतात. 'कंट्रोलवर साखर आली का?' 'कंट्रोलचे गहू दळून आण.' लहानपणी मला वाटायचं, हा आमच्या अहिराणीतलाच शब्द असावा. पुढे कळलं, की हा शब्द लढाईतून आलेला आहे. 1939 ते 1945 च्या लढाईतून. ती लढली गेली युरोपात, आफ्रिकेत, ब्रह्मदेशात. बोरी नदीच्या काठावरच्या आमच्या खेड्यात तिचा एक शब्द मात्र कायमचा राहून गेला.

गावातल्या कोणालाही विचारा, 'महायुद्धात आपल्या गावात काय झालं?' उत्तर ठरलेलं असतं : 'काही नाही. आपला काय संबंध?' बॉम्ब पडला नाही, विमान आलं नाही, शत्रूचा सैनिक कोणी पाहिला नाही. पण आजी जिवंत असताना तिला विचारलं, तर ती वेगळंच सांगायची. तिच्या शब्दांत : 'लढाई कोठे शे ते माले काय ठाऊक, पन रॉकेल बंद व्हयनं ते माले ठाऊक शे.' लढाई कुठे आहे ते मला काय माहीत, पण रॉकेल बंद झालं ते मला माहीत आहे.

एखाद्या लहान खेड्याचा युद्धकाळ समजून घ्यायचा तर मला आजीचं हे वाक्य सगळ्यात उपयोगी वाटतं. तोफा कुठे धडाडल्या, हे खेड्यापुरतं बाजूला ठेवायचं. गावातून काय बाहेर गेलं, गावात काय यायचं थांबलं आणि भाव कोणी ठरवला, हे विचारायचं. तेवढं विचारलं, की 'काही नाही' म्हणणाऱ्या गावात सहा वर्षांची लढाई दिसायला लागते.

आधी थोडी पार्श्वभूमी. त्या वेळी आजचे जिल्हे नव्हते. 1906 मध्ये खानदेशाचे दोन भाग झाले होते : जळगाव मुख्य ठाणं असलेला पूर्व खानदेश आणि धुळे मुख्य ठाणं असलेला पश्चिम खानदेश. जुन्या कागदांत ही नावं दिसतील. नंदुरबार हा तेव्हा पश्चिम खानदेशाचाच भाग. 3 सप्टेंबर 1939 ला ब्रिटनने जर्मनीशी युद्ध पुकारलं आणि त्याच दिवशी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी भारतही युद्धात उतरल्याचं जाहीर केलं. इथल्या एकाही निवडून आलेल्या माणसाला विचारलं नाही. त्याच्या निषेधार्थ काँग्रेसच्या प्रांतिक मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ होतं, तेही गेलं. तेव्हापासून 1946 पर्यंत मुंबई प्रांतात गव्हर्नरचा थेट कारभार होता. हा मुद्दा लक्षात ठेवावा. पुढे शेतकऱ्याच्या पिकाबद्दल, धान्याबद्दल, कापडाबद्दल जे जे हुकूम निघाले, ते काढणाऱ्यांना मतं मागायला गावात यायचंच नव्हतं.

लढाई गावात आली ती आधी शेंगांच्या पोत्यातून. खानदेशात भुईमूग बक्कळ व्हायचा. आपल्या देशातल्या शेंगदाण्याचा आणि तेलाचा मोठा गिऱ्हाईक होता युरोप, त्यातही फ्रान्स. जून 1940 मध्ये फ्रान्स जर्मनीच्या हातात गेला आणि ते गिऱ्हाईक एका महिन्यात संपलं. जहाजं मिळेनात, भाव पडले. मग कापूस. खानदेशचा कापूस तेव्हा बहुतेक आखूड धाग्याचा. असल्या कापसाला हक्काची बाजारपेठ होती जपानची. जुलै 1941 मध्ये जपानशी व्यवहार गोठले आणि डिसेंबरात तर जपानच शत्रू झाला. ज्या कापसावर लग्नं ठरायची, सावकाराचा हप्ता जायचा, त्या कापसाचा मुख्य गिऱ्हाईकच गेला. पॅरिस कुठे आहे, टोकियो कुठे आहे, हे गावात किती जणांना माहीत असेल? पण ती दोन शहरं आमच्या खळ्यावर येऊन बसली होती.

पहिली दोन वर्षं शेतकऱ्याने अशी सोसली : पिकवलेल्याला भाव नाही. नंतरची चार वर्षं बरोबर उलटी गेली, प्रत्येक गोष्ट महाग. हे उलटं चक्र का फिरलं, हा या सगळ्या गोष्टीतला सगळ्यात अवघड भाग. सगळी गुरुकिल्ली तिथे आहे, म्हणून जरा सावकाश सांगतो.

समजा, गावात एक मोठा बडा माणूस आहे. त्याची दूर कुठेतरी मोठी भांडणं चालली आहेत. तो गावात बैलगाड्या लावतो आणि ज्वारी, कडबा, शेंगा, घोंगड्या, लाकूड, जे दिसेल ते उचलतो. पैसे मागितले तर म्हणतो, 'माझ्या घरच्या वहीत तुमच्या गावाच्या नावावर लिहून ठेवलंय. भांडण मिटलं की बघू.' आता शेतकऱ्याला तर आज मीठ घ्यायचं आहे, पोराला सदरा घ्यायचा आहे. मग गावचा दुकानदार पुढे येतो. तो म्हणतो, 'बड्या माणसाच्या वहीत जेवढी रक्कम आहे, तेवढ्या चिठ्ठ्या मी तुम्हाला देतो. त्या गावात पैशासारख्या चालतील.' शेतकऱ्याच्या हातात चिठ्ठ्या येतात. पण माल तर गाड्या भरून गावाबाहेर गेलेला. गावात चिठ्ठ्या जास्त आणि वस्तू कमी. मग चिठ्ठीची किंमत घसरणारच. कालपर्यंत एका चिठ्ठीत शेर मीठ, आज अर्धा शेर.

हेच देशाच्या पातळीवर झालं. बडा माणूस म्हणजे ब्रिटिश सरकार. परदेशातल्या लढाईसाठी ब्रिटनने इथून जो माल नेला, जे सैन्य वापरलं, त्याचे पैसे इथे रुपयांत मोजले नाहीत. लंडनमध्ये भारताच्या खात्यावर पौंडांची नोंद केली. या खात्याला 'स्टर्लिंग शिल्लक' म्हणतात. आणि दुकानदार म्हणजे रिझर्व्ह बँक. लंडनच्या खात्यातल्या त्या पौंडांच्या आधारावर ती इथे नोटा छापत गेली. तसं करण्याची मुभा तिच्या कायद्यातच होती. युद्ध सुरू झालं तेव्हा देशात सुमारे 180 कोटी रुपयांच्या नोटा फिरत होत्या. युद्ध संपलं तेव्हा त्या सुमारे 1,200 कोटींच्या घरात गेल्या होत्या. आणि लंडनच्या वहीत भारताच्या नावावर सुमारे 130 कोटी पौंड, म्हणजे त्या वेळच्या भावाने सतराशे कोटींहून जास्त रुपये जमा झाले होते. शतकभर कर्जदार असलेला देश कागदावर सावकार झाला. पण तो ज्यांच्या जिवावर सावकार झाला, त्यांच्या अंगावर धड कपडा नव्हता.

घाऊक भाव साधारण अडीचपट झाले. कापडाचं तर 1943 च्या मध्यापर्यंत जवळजवळ पाचपट झालं. माझ्या मते याला नुसती 'महागाई' म्हणणं फार सौम्य आहे. हे उसनं होतं, न विचारता घेतलेलं. खानदेशातल्या प्रत्येक घराने, भाकरीतला एकेक चतकोर मोडून, युद्धाला उसनं दिलं. पावती कोणालाच मिळाली नाही.

याचा फटका सगळ्यांना सारखा बसला नाही, आणि गावाचा इतिहास सांगताना नेमकं हेच सुटतं. ज्याच्याकडे विकायला धान्य होतं, त्याचं जमलं. 1930 च्या मंदीत डोक्यावर आलेलं कर्ज आकड्यांत तेवढंच राहिलं आणि ज्वारीचा भाव चढला, म्हणजे थोडी पोती विकून जुनं देणं फिटायला लागलं. काही घरांनी याच वर्षांत गहाण पडलेली शेतं सोडवली. पण ज्याला वर्षाचं धान्य विकत घ्यावं लागतं, त्याचं कंबरडं मोडलं.

आमच्याकडच्या सालदाराचंच, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या शेतगड्याचंच बघा. खानदेशात सालदाराचं साल ठरतं आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. एकदा बोली झाली की वर्षभर तोच आकडा. भाव दर महिन्याला चढताहेत आणि याचा पगार गेल्या आखाजीच्या भावाने बांधलेला. ज्याच्या सालात धान्याचा वाटा जास्त होता, तो तगला, कारण ज्वारीची पायली ही पायलीच राहते. ज्याने रोकड जास्त ठरवली होती, त्याची रोकड दिवाळीपर्यंत विरघळली. आजी सांगायची, की त्या वर्षांत आखाजीला सालदार पैशावर नाही, दाण्यावर अडून बसायचे. तिला त्यामागचं अर्थशास्त्र ठाऊक नव्हतं. सालदारांना मात्र पक्कं ठाऊक होतं.

अंधार आणि ताप

1942 च्या मार्चमध्ये जपान्यांनी रंगून घेतलं. ब्रह्मदेशातून आपल्याकडे दोन महत्त्वाच्या वस्तू यायच्या : तांदूळ आणि रॉकेल. खानदेश भाकरी खाणारा मुलूख. ज्वारीची, बाजरीची, कळण्याची भाकरी. त्यामुळे तांदळाचा थेट फटका आम्हाला कमी बसला. पण मुंबईसारख्या भात खाणाऱ्या शहराचं पोट भरायला दुसरं धान्य हवं होतं आणि ते जिथे पिकतं तिथूनच उचललं जाणार होतं. 2 मे 1943 ला मुंबईत रेशनिंग सुरू झालं. शहराच्या रेशनकार्डावर जो दाणा पडायचा, तो कुठल्या ना कुठल्या गावच्या पेवातून, कणगीतून निघालेला असायचा. यातूनच 'लेव्ही' हा दुसरा शब्द गावात आला. घरात किती माणसं, किती एकर, किती पीक, याचा हिशेब करून तलाठी आकडा सांगायचा आणि तेवढं धान्य सरकारी भावाने घालावं लागायचं. बाहेरचा भाव त्याहून चढा. मग कोणी कणगी दुहेरी भिंतीत लपवायचा, कोणी रात्री गाडी भरून दुसऱ्या बाजारात न्यायचा. 'काळा बाजार' हा शब्दही खेड्यापाड्यांत याच काळात रुळला.

शेतकऱ्याने काय पेरायचं, हेही त्याच्या हातात राहिलं नाही. 1942 पासून 'अधिक धान्य पिकवा' अशी मोहीम सुरू झाली आणि 1944 मध्ये मुंबई प्रांताने कायदाच केला, की जमिनीचा ठरावीक हिस्सा अन्नधान्याखाली असलाच पाहिजे. कापसाच्या मुलखात हा हुकूम किती खोलवर गेला असेल, याची कल्पना करा. तीन पिढ्या ज्या काळ्या रानात कपाशी बघितली, तिथे आता ज्वारी पेरायची, आणि तीही बऱ्याच अंशी लेव्हीला घालण्यासाठी. मला हे धोरण पूर्ण चुकीचं वाटत नाही. 1943 मध्ये बंगालच्या दुष्काळात तीस लाखांच्या आसपास माणसं मेली असं मानलं जातं. धान्याचं नियंत्रण तिथे वेळेवर आणि नीट झालं नाही. आमच्याकडचा कंट्रोल त्रासाचा होता, पण कंट्रोल नसताना काय होतं ते बंगालने पाहिलं. माझा राग त्या हुकमावर नाही. हुकूम देणाऱ्याला जाब विचारायची सोय नव्हती, त्यावर आहे.

रॉकेलचं मात्र सरळ झालं : बंद. खेड्यात वीज नव्हती. रात्र म्हणजे रॉकेलची चिमणी. ती विझली. लोक पुन्हा पणतीवर आले, करडईच्या नाहीतर शेंगदाण्याच्या तेलावर. पण तेलही महाग, म्हणून दिवेलागणीलाच जेवणं उरकायची आणि अंधारात बसून राहायचं. काडीपेटीही जपून वापरायची. चुलीत राखेखाली निखारा झाकून ठेवायचा आणि शेजारीण सकाळी गोवरीवर विस्तव मागायला यायची. आजीच्या आठवणीत लढाई म्हणजे हा अंधार.

रॉकेलएवढाच वाईट घाव होता कोयनेलचा, म्हणजे क्विनीनचा, आणि त्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. तापी-बोरी-पांझरेच्या काठाला आणि सातपुड्याच्या पायथ्याला हिवताप पावसाळ्यानंतर ठाण मांडून बसायचा. त्यावरचं औषध क्विनीन. आणि जगातल्या क्विनीनपैकी सुमारे नव्वद टक्के येत होतं एका बेटावरून, जावातून, सिंकोना झाडाच्या सालीपासून. मार्च 1942 मध्ये जावाही जपानच्या ताब्यात गेलं. जे थोडं क्विनीन उरलं, ते आधी सैन्याला. खेड्यातल्या थंडी वाजून हुडहुडी भरलेल्या पोराचा नंबर शेवटी. युद्धात मेलेल्यांच्या कुठल्याही यादीत ही पोरं नाहीत. पण सातपुड्याच्या पायथ्याचं एखादं पोर तापाने गेलं, तर त्याचं एक कारण जावात घडलं होतं.

कापडाचं सांगायलाच हवं, कारण खानदेशात हा विरोधाभास डोळ्यांत खुपतो. कापूस इथला. गिरण्या इथल्या : अमळनेरची प्रताप मिल, धुळ्याची न्यू प्रताप, जळगावची खानदेश मिल. त्या दिवसरात्र चालू. आणि गावात धोतरजोडी मिळत नाही! कारण देशातल्या गिरण्यांच्या कापडाचा मोठा वाटा सैन्याच्या खाकीला, तंबूला, पट्ट्यांना जात होता. जून 1943 मध्ये सरकारने कापडावर नियंत्रण आणलं, कापडावर भाव छापायला लावला आणि गरिबांसाठी 'स्टँडर्ड कापड' काढलं. ते जाडंभरडं असायचं आणि त्यासाठी रांग लागायची. लग्नात नवरीच्या शालूचं नाव कोणी काढेना. कित्येक घरांत एकच चांगलं लुगडं आणि सासू-सुना ते आळीपाळीने नेसून बाहेर पडायच्या.

मोटारींचंही तेच. 1941 पासून पेट्रोलचं रेशनिंग झालं आणि मोटारी कोळशाच्या गॅसवर चालायला लागल्या. गाडीच्या मागे पिंपासारखी भट्टी, तिच्यात लाकडी कोळसा, निघायच्या आधी क्लीनर भट्टी पेटवून हाताने पंखा फिरवायचा. चढ आला की उतारू उतरून ढकलायचे. अशा गाडीतून तालुक्याला कचेरीत जायचं म्हणजे तोंड काळं करून परत यायचं.

चळवळ आणि तार

आतापर्यंत गाव नुसतं सोसत होतं असं वाटेल. तसं नाही. खानदेश हा स्वस्थ बसणारा मुलूख नव्हता. काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन आमच्याच पूर्व खानदेशात, फैजपूरला, डिसेंबर 1936 मध्ये झालं होतं. ज्यांनी त्या अधिवेशनासाठी बांबू तट्टे बांधले, पाणी वाहिलं, ती पोरं 1942 मध्ये ऐन तारुण्यात होती.

ऑगस्ट 1942 मध्ये 'चले जाव'ची हाक आली आणि अमळनेरात डॉ. उत्तमराव पाटील व लीलाताई पाटील यांच्या पुढारपणाखाली लोक रस्त्यावर उतरले. 9 सप्टेंबर 1942 ला नंदुरबारात मिरवणुकीवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. पंधरा वर्षांचा शिरीषकुमार मेहता आणि त्याच्याबरोबरची पोरं, लालदास शहा, शशिधर केतकर, घनश्यामदास शहा, धनसुखलाल वाणी, गेली. ही नावं खानदेशात अजून चौकाचौकांत आहेत.

तार, रेल्वे, पोस्ट यांच्यावरच लोकांचा रोख का होता, हे युद्धाशी जोडून बघितलं तर कळतं. भुसावळ हे मुंबई, नागपूर आणि अलाहाबादकडे जाणाऱ्या गाड्यांचं मोठं जंक्शन. भुसावळहून सुरतकडे ताप्ती व्हॅलीची लाइन अमळनेर, नंदुरबारवरून जायची. ब्रह्मदेशच्या आघाडीकडे माणसं आणि माल घेऊन जाणाऱ्या गाड्या याच जाळ्यातून पळत होत्या. त्यामुळे एका खेड्याजवळची तार तुटणं ही सरकारच्या लेखी लढाईच्या आड येणारी गोष्ट होती. म्हणून शिक्षाही तशीच : ज्या गावाच्या शिवारात तार तुटली, त्या सगळ्या गावावर सामुदायिक दंड. कोणी केलं ते सापडलं नाही तरी चालेल, पण दंड घरटी भरायचा. आधीच महागाईने पिचलेल्या घरांवर हा आणखी एक घाव.

14 एप्रिल 1944 चा दिवस तर या मुलखाच्या मनावर कोरलेला आहे. धुळ्याहून नंदुरबारकडे जाणारा सरकारी खजिना शिंदखेडा तालुक्यातल्या चिमठाण्याजवळ क्रांतिकारकांनी लुटला. रक्कम साडेपाच लाखांच्या आसपास. साताऱ्याच्या प्रतिसरकारातले जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी आणि इकडचे डॉ. उत्तमराव पाटील व त्यांचे साथी यांनी ते धाडस केलं. आणि त्याच दिवशी दुपारी मुंबईच्या गोदीत 'फोर्ट स्टिकिन' नावाच्या जहाजाचा प्रचंड स्फोट झाला. जहाजात दारूगोळा होता आणि कापसाच्या गाठी होत्या. आग त्या कापसानेच धरली असं मानतात. एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही. पण मला ती तारीख नेहमी थांबवते. एका बाजूला युद्धाचा कापूस आणि दारूगोळा मुंबईत पेटतोय, दुसऱ्या बाजूला शिंदखेड्याच्या रस्त्यावर लोक सरकारच्या तिजोरीवर हात टाकताहेत.

आणि याच गावांतली काही पोरं त्याच सरकारच्या फौजेतही होती. हे लपवायची गरज नाही. युद्धाच्या शेवटी हिंदुस्थानी सैन्य पंचवीस लाखांच्या आसपास पोहोचलं होतं. सगळे स्वतःहून भरती झालेले, पण 'स्वतःहून' या शब्दामागे रिकामी कणगी किती होती हेही पाहावं लागतं. 1 ऑक्टोबर 1941 ला महार रेजिमेंट पुन्हा उभी राहिली. पहिल्या महायुद्धानंतर मोडलेली ही पलटण पुन्हा उभी करावी, म्हणून डॉ. आंबेडकरांनी आग्रह धरला होता. गावकुसाबाहेरच्या पोराला फौजेत गणवेश, पगार आणि माणूस म्हणून हाक मिळत होती. त्याला कोणत्या तोंडाने 'जाऊ नको' म्हणायचं? एकाच गल्लीत एक घर वॉरंटला घाबरून भूमिगत पोराला लपवतंय आणि पलीकडचं घर पोराच्या मनिऑर्डरीची वाट बघतंय. दोन्ही घरं खरी होती.

आपल्या गावचा हा काळ शोधायचा असेल, तर सुरुवात घरातूनच करावी. जुन्या दुकानदाराच्या घरची रोजमेळाची वही मिळाली तर सोनं. 1939 आणि 1944 ची पानं शेजारी ठेवली की रॉकेलचा, मिठाचा भाव स्वतःच बोलायला लागतो. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये मधेच शाळा सोडलेल्या मुलांची नावं आणि कारणं बघा. सैन्यात मेलेल्यांसाठी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची यादी इंटरनेटवर खुली आहे. तिच्यात पुष्कळ सैनिकांच्या नावाखाली बापाचं नाव आणि गावही असतं. स्पेलिंग इंग्रजांच्या कानाचं असतं, म्हणून चार प्रकारे शोधावं लागतं. आणि गावात नव्वदी ओलांडलेली एखादी आजी असेल, तर तिला 'महायुद्ध' असं विचारू नका. 'कंट्रोल केव्हा आला, रॉकेल केव्हा बंद झालं' असं विचारा.

ऑगस्ट 1945 मध्ये लढाई संपली, कंट्रोल संपला नाही. डिसेंबर 1947 पासून गांधीजींच्या आग्रहाने तो सैल केला, तर भाव भडकले आणि वर्षभरात पुन्हा आणावा लागला. मग तो रेशन दुकानाच्या रूपाने राहिलाच. लंडनमधल्या त्या शिल्लकीचं काय झालं? स्वातंत्र्यानंतर ती थोडी थोडी सुटली. त्यातून इंग्रजांनी इथे सोडलेल्या लष्करी सामानाची किंमत वळती झाली, इंग्रज अधिकाऱ्यांच्या पेन्शनची तरतूद झाली, बाकीची यंत्रं आणि धान्य आणण्यात गेली. ज्या सालदाराची रोकड विरघळली होती, त्याच्यापर्यंत त्यातलं काही आलं असेल असं मला वाटत नाही.

आजीच्या पेटीत, जुन्या करदोड्याच्या दोऱ्यात ओवलेला एक तांब्याचा पैसा सापडला. तिच्या धाकट्या मुलाच्या कमरेला तो बांधलेला असायचा. त्याच्यावर 1944 साल आणि मुकुट आहे, आणि मधोमध मोठं गोल भोक. युद्धात नाण्यांची मोठी टंचाई होती. 1940 मध्ये फ्रान्स पडल्यावर लोक नोटा देऊन चांदीचे रुपये साठवायला लागले, तेव्हा सरकारने रुपयातली चांदी निम्म्यावर आणली आणि एक रुपयाची नोट काढली. मग सुट्टे मिळेनासे झाले. दुकानदार सुट्ट्याऐवजी पोस्टाची तिकिटं हातावर ठेवायचे. तांबंही लढाईच्या कारखान्यांना हवं होतं. म्हणून 1943 पासून पैसा लहान केला आणि त्याच्या पोटातलं तांबं काढून घेतलं. वजन जुन्या पैशाच्या निम्म्याहूनही कमी, किंमत तीच, रुपयाला चौसष्ट. पोरांना तो आवडायचा, कारण दोऱ्यात ओवता यायचा. मी तो डोळ्याला लावून बघितला. भोकातून आमचं अंगण दिसलं, उखळ दिसलं आणि जिथे कणगी असायची ती रिकामी जागा.